दासीचं मूल

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत डिसेंबर 1662 मध्ये एक छोटासा कायदा झाला. इंग्रज पुरुषापासून आफ्रिकी स्त्रीला झालेलं मूल गुलाम मानायचं की स्वतंत्र, याबद्दल लोकांत शंका होती. कायद्याने ती मिटवली : आईची जी अवस्था, तीच मुलाची. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाचं नाव आणि बापाचा दर्जा घेई. समुद्रापलीकडे, तंबाखूच्या मळ्यांवर, तो रिवाज उलटा करण्यात आला. त्याला कारणही घडलं होतं. सहाच वर्षांपूर्वी, 1656 मध्ये, एलिझाबेथ की या स्त्रीने कोर्टातून स्वतःची सुटका करून घेतली होती, आणि आपले वडील इंग्रज होते हा तिच्या दाव्याचा एक मोठा आधार होता. 1662 नंतर तिच्यासारखीला तो आधार उरला नाही. मळेवाल्याला पोटच्या पोराची विक्री करता येऊ लागली. दासीवर केलेल्या बळजबरीतून त्याची मालमत्ता वाढू लागली, आणि त्या मालमत्तेला हात, पाय, डोळे आणि त्याचाच चेहरा असे.

या लेखसंग्रहातले लेख त्या एका कलमाभोवती फिरतात. गुलामी आणि कायदा यांनी मिळून माणसांचे वंश कसे घडवले, हा त्यांचा विषय. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथल्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले गेले आहेत. तेव्हा व्हर्जिनियाशी आपला संबंध काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. या प्रस्तावनेत मला त्याचंच उत्तर द्यायचं आहे. माझं म्हणणं असं : माणसाचा वंश त्याच्या शरीरात सापडत नाही. राबणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हाताशी राहावीत म्हणून कुणीतरी ठरवतं की कोणाचं मूल कोण, आणि ते ठरवणं कागदावर उतरतं. व्हर्जिनियाने ते रंगावर बेतलं. आपण ते कुळावर आणि जातीवर बेतलं. रंगाचा फरक नसतानाही तेच काम किती चोख होऊ शकतं, याचा पुरावा महाराष्ट्राइतका क्वचित कुठे सापडेल.

सुरुवात आपल्या पायाखालच्या जमिनीपासून करू. वर सांगितलेली चारही उपनगरं एकाच जुन्या बेटावर, साष्टीवर, वसलेली आहेत. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यांनी गावंच्या गावं आपल्या सरदारांना तोडून दिली. 1695 मध्ये जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी वसईहून साष्टीत फिरला, आजच्या बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी त्याने पाहिली, आणि इथल्या कुळांबद्दल लिहून ठेवलं : ती मालकाच्या गावाला बांधलेली आहेत, एका गावातून दुसऱ्या गावी पळाली, तर जमीनदार त्यांना जबरदस्तीने परत आणतात, गुलामांसारखं. ही कुळं हिंदू होती, मुसलमान होती, ख्रिस्तीही होती. धर्म बदलला म्हणून बांधलेपण सुटलं नव्हतं. व्हर्जिनियात हेच 1667 मध्ये कायद्याने स्पष्ट करण्यात आलं होतं, की बाप्तिस्मा घेतल्याने गुलाम मोकळा होत नाही.

पुढे शतकं उलटली, राज्यकर्ते बदलले, पण साष्टीच्या उत्तरेला, जुन्या ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, वारल्यांचा ‘लग्नगडी’ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होता. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायको दोघं वर्षानुवर्षं त्याच्या शेतावर राबत, आणि कर्ज फिटत नसे. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने, वारल्यांनी ती पद्धत मोडली. आज आरेच्या पाड्यांवर आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारे वारली त्याच समाजाचे.

आता रंगाकडे वळू, कारण गुलामी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काळा माणूस उभा राहतो. ती प्रतिमाही कायद्यानेच घडवलेली आहे. 1640 मध्ये व्हर्जिनियात तीन नोकर एका मालकाकडून पळाले आणि पकडले गेले. दोघे युरोपीय होते; त्यांची चाकरी चार वर्षांनी वाढवली. तिसरा जॉन पंच हा आफ्रिकी. त्याला जन्मभराची चाकरी सुनावली. गुन्हा एक, शिक्षा दोन. तेव्हा तो एका कोर्टाचा निकाल होता, सर्वसाधारण नियम नव्हता. नियम हळूहळू रचला गेला : 1662, 1667, मग 1691 ची मिश्र विवाहावरची बंदी, आणि 1705 ची संपूर्ण संहिता. मधल्या काळात, 1676 च्या बेकनच्या बंडात, गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र शस्त्र घेऊन उठले होते. मळेवाल्यांना ती धास्ती विसरता आली नाही. कातडीचे रंग आधीपासूनच वेगवेगळे होते. त्यांच्यामधून कुंपण नंतर घातलं गेलं, आणि कुंपणाची खुंटी न् खुंटी कायद्याच्या तारखेसह दाखवता येते.

दख्खनमध्ये हबशी माणसाचं काय झालं, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावं. इथिओपियात पकडला गेलेला, बाजारात पुन्हा पुन्हा विकला गेलेला एक मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीत पोचला आणि मलिक अंबर म्हणून राज्याचा कर्ता झाला. त्याने 1610 मध्ये खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. मोगलांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणलं आणि जमीनमहसुलाची व्यवस्था लावली. आपली मुलगी त्याने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला दिली. 1626 मध्ये तो वारला तेव्हा त्याचा मुलगा फतेखान वजीर झाला. खुद्द मुंबईत तर ही विसंगती एकाच काळात दिसते. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मादागास्करकडून गुलाम भरून आणत होती, त्यांतले काही मुंबई बेटावर राबायला येत. आणि त्याच कंपनीच्या मुंबईवर 1689 मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मोगलांचा दर्यासारंग म्हणून चालून आला, माझगाव आणि माहीम त्याने घेतलं, इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं आणि वर्षभर वेढा चालवला. एका बेटावर एकाच रंगाची माणसं : काही मालकाच्या यादीत, काही वेढा घालणाऱ्या तोफांमागे.

दख्खनची गुलामी मवाळ होती असं मी सुचवत नाही. आईबापांपासून तोडलेली मुलं, खच्ची केलेले पुरुष, मालकाच्या लहरीवर टांगलेलं आयुष्य, हे सगळं तिच्यात होतं. मला एवढंच दाखवायचं आहे की ‘हबश्याचं मूल ते हबशी, म्हणून गुलाम’ असं कलम इथे कुणी लिहिलं नाही, त्यामुळे इथे रंग हा जन्मठेपेचा शिक्का बनला नाही. तो व्हर्जिनियात बनला. रंगाच्या अंगी तशी काही ताकद होती म्हणून नव्हे.

आणि तरी आपल्याकडे जन्माचा शिक्का होताच. तो कुणबिणीच्या, म्हणजे दासीच्या, मुलाच्या कपाळी होता.

पेशवाईचे कागद वाचणाऱ्याला कुणबिणी आणि बटकी पानोपानी भेटतात. सरकारी कोठ्यांत दळणाऱ्या, पागेत शेण काढणाऱ्या, किल्ल्यांवर चुना-माती वाहणाऱ्या, वाड्यांत पाणी भरणाऱ्या. मुलूखगिरीत धरून आणलेल्या, दुष्काळात आईबापांनी विकलेल्या, लमाणांनी तांड्याबरोबर आणून विकलेल्या, लेकीच्या आंदणात दिलेल्या. त्यांच्या खरेदी-विक्रीची नोंद होई आणि सरकारला त्यावर कर मिळे. गुराढोरांच्या हिशेबाच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा हिशेब असे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पाचवा मार्ग, कारण तो थेट न्यायाच्या चौकटीतून जातो. ‘बदकर्मा’चा आरोप शाबीत झालेल्या स्त्रीला सरकार कुणबीण करून आपल्या कारखान्यात लावी. म्हणजे गुलामी ही शिक्षा होती आणि सरकारला फुकटचं मनुष्यबळही होतं. ब्राह्मण स्त्रीला सहसा ही शिक्षा होत नसे. तिला कैदेत ठेवत किंवा हद्दपार करत. एकाच आरोपावर कुणाचं शरीर सरकारजमा होईल हे जातीवरून ठरे. जॉन पंचच्या निकालाशी याचं नातं मला फार जवळचं वाटतं.

कुणबीण विकत घेताना तिची जात विचारली जाई. घरात पाणी भरायचं, धान्य निवडायचं, तर ती स्पर्श चालणाऱ्या जातीची हवी. इथे गुलामीने जात पुसून टाकली नाही, उलट जातीच्या चौकटीतच आपली जागा करून घेतली. सुटका व्हायची ती म्हातारपणी, आजारपणी, पैसे भरले तर, किंवा बदली दुसरी बाई आणून दिली तर. या शेवटच्या अटीवर मी बराच वेळ थांबलो. आईला सोडवायचं तर दुसऱ्या कुणाची तरी लेक त्या जागी उभी करायची, अशी ती अट.

आणि मुलं? कुणबिणीचं मूल मालकाच्या घरचं. ते मालकापासून झालेलं असलं तर लेकावळा. त्याला घराण्यात नाव नाही, पंगतीत शेवटची जागा, लग्नसंबंध आपल्यासारख्यांतच. दोन-तीन पिढ्यांत अशा लेकावळ्यांचा वेगळा थर तयार होई. महाराष्ट्रातल्या कितीतरी जातींत बारमासे आणि अक्करमासे, गोड आणि कडू असे भेद पडले. एन्थोव्हेनने 1920 ते 1922 मध्ये छापलेल्या मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींच्या तीन खंडांत असे पोटभेद जागोजागी नोंदवलेले आहेत. कडू घरातला आणि गोड घरातला माणूस समोरासमोर बसवले, तर कुठल्याही मोजपट्टीला त्यांच्यात फरक सापडला नसता. नाक तेच, रंग तोच, बोली तीच, दैवत तेच, बहुतेकदा खापरपणजोबाही तोच. तरी सोयरीक जुळवणाऱ्याला फरक ठाऊक असे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक राही. वंश घडवायला शरीराची गरज लागत नाही, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

इंग्रजी कोर्टांनी हा भेद मिटवला नाही, त्याला दाखल्यांचा आधार दिला. मिताक्षरा या धर्मशास्त्राच्या टीकाग्रंथात दासीपुत्राबद्दल नियम आहे : शूद्राच्या दासीपुत्राला वाटा मिळू शकतो, द्विजाच्या दासीपुत्राला फक्त पोटापुरतं. मुंबई आणि मद्रासच्या उच्च न्यायालयांनी तो नियम उचलला, आणि मग वारसाचा दावा आला की आधी ठरवावं लागे, हे घराणं कोणत्या वर्णाचं? तंजावरच्या भोसले घराण्याच्या इस्टेटीचा वाद असाच मद्रास उच्च न्यायालयापुढे आला आणि 1924 मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की वारसाहक्काच्या कामी हे मराठे शूद्र मानावेत. ज्या दक्षिणेत ते राज्य करून गेले, त्याच दक्षिणेत अनौरस पुत्रांच्या हक्काच्या निमित्ताने त्यांचा वर्ण साक्षीपुराव्याने ठरला. मराठी वाचकाला हे बोचेल. पण वर्ण ही अनादी गोष्ट असती, तर तिच्यावर साक्षीदार तपासायची वेळ आली नसती.

गुलामी बंद करणाऱ्या कायद्यांची गोष्ट शाळेत शिकवली जाते तेवढी सरळ नाही. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामी रद्द करणाऱ्या 1833 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. 1843 च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या कोर्टांनी गुलामावरचा मालकीहक्क मानू नये असं ठरवलं. गुलाम बाळगणं हा गुन्हा मात्र झाला नाही. माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली ती 1860 च्या दंडसंहितेने. आणि गुलामी रद्द करणाऱ्या त्याच राजवटीने 1874 मध्ये मुंबई इलाख्यासाठी वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला. महाराने गावाचा निरोप न्यायचा, सरकारी माणसाची पथारी वाहायची, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री-अपरात्री हाकेला ओ द्यायची. ही चाकरी आता सरकारी कायद्याच्या पुस्तकात बसली. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि गावाकडून बलुतं. बांधला गेला तो एक माणूस नव्हे, सारं घर, आणि त्या घरात पुढे जन्मणारं मूलही. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यांच्याच समाजातल्या काहींना वतनाची जमीन सोडवत नव्हती, तरी त्यांनी तो आग्रह सोडला नाही. ही वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 मध्ये, बाबासाहेब गेल्यानंतर.

1873 या एका वर्षाकडे मी वाचकाचं विशेष लक्ष वेधू इच्छितो. 1 जून 1873 रोजी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’च्या इंग्रजी प्रस्तावनेखाली तारीख घातली. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं होतं, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्यात त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. चारच दिवसांनी, 5 जूनला, झांजिबारच्या सुलतानाने गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. तो तह घडवून आणण्यासाठी इंग्रज सरकारने आदल्या हिवाळ्यात धाडलेला माणूस म्हणजे सर बार्टल फ्रिअर, 1862 ते 1867 मधला मुंबईचा गव्हर्नर. आणि त्याच महिन्यांत आफ्रिकेच्या आतल्या भागात डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव खांद्यावर घेऊन काही माणसं किनाऱ्याकडे चालत होती. त्यांतला जेकब वेनराइट नाशिकचा होता.

‘नाशिकचा’ म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आपल्या आठवणीतून ते जवळजवळ गेलंच आहे. इंग्रज आरमार हिंदी महासागरात अरबांची गुलामवाहू जहाजं पकडी आणि सुटलेल्या आफ्रिकी लोकांना मुंबईच्या बंदरात उतरवी. त्यांतल्या मुलांसाठी चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला 1850 च्या दशकात आफ्रिकी आश्रम उघडला. तिथे सुतारकाम, लोहारकाम आणि वाचन शिकवत. बाप्तिस्मा देऊन नवी नावं ठेवत. 1865 मध्ये लिव्हिंगस्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी तिथून नऊ तरुण घेतले. वेनराइट पुढे शवाबरोबर इंग्लंडला गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा होता. 1870 च्या दशकाच्या मध्याला आश्रम बंद झाला, नाशिकची माणसं मोंबासाजवळ फ्रिअरच्या नावाने वसवलेल्या फ्रिअरटाउनला गेली आणि तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली जाऊ लागली. कायद्याने त्यांना आधी गुलाम केलं, मग मुक्त केलं, आणि मुक्तीनंतरही त्यांनी कुठल्या देशात काय म्हणून जगावं, ते सरकार आणि मिशन यांनी ठरवलं.

जोतीरावांनी अमेरिकेकडे पाहून आपल्या समाजाचं दुखणं ओळखलं, यातली त्यांची झेप मला आजही थक्क करते. पण एका गोष्टीत या संग्रहातले लेख त्यांच्याशी सहमत नाहीत, आणि ते स्पष्ट सांगणं हाच त्यांचा मान आहे. ब्राह्मण म्हणजे बाहेरून आलेले आर्य आणि शूद्रातिशूद्र म्हणजे इथले मूळ रहिवासी, ही त्या काळच्या युरोपीय पंडितांनी मांडलेली वंशकथा जोतीरावांनी उचलली आणि तिचा रोख उलटवला. हत्यार म्हणून ती प्रभावी होती. इतिहास म्हणून ती टिकत नाही. टिकतं ते तिच्या खालचं निरीक्षण : ग्रंथ लिहिणाऱ्याने दुसऱ्याचा जन्म आपल्या सोयीने लिहून ठेवला, आणि राबणाऱ्याला तो देवाचा लेख वाटू लागला.

वंशकथेला शास्त्राचा मुलामा दिला तो इंग्रज अधिकारी रिस्लीने, 1901 च्या जनगणनेत. नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून जातीची पायरी सांगता येते, असा त्याचा दावा. मालवणात जन्मलेले, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं करणारे गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात ती मापं पुन्हा तपासली आणि देशाच्या बहुतेक भागांत रिस्लीचा नियम बसत नाही असं दाखवलं. डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरच्या 1948 च्या पुस्तकात त्याच प्रकारची मापं मांडून सांगितलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. अस्पृश्यतेचं कारण वंशात शोधू नका. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे पुस्तक, मनुस्मृती, जाळलं गेलं, ते कायद्याचं पुस्तक होतं, हे या संदर्भात ध्यानात घ्यावं. 1946 मध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाची प्रत मागितली. त्यांना त्या दोन लढ्यांतलं साम्य रंगाच्या आधाराशिवाय दिसत होतं.

आणखी एक कायदा इथे टाळता येणार नाही. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा 1911 च्या नव्या रूपात आल्यावर मुंबई इलाख्यातही राबवला गेला. त्याने जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली. पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायला पास, सोलापूर-हुबळीला तारेच्या कुंपणातल्या वसाहती, आणि सहा ते अठरा वर्षांची मुलं आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची मुभा. कुंपणातली माणसं गिरण्यांना कामगार म्हणून पुरवली जात. राबणाऱ्या हातांची गरज इथेही मागे उभीच आहे. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, आणि 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. पोलिसांच्या नजरेत पारधी पारधीच राहिला. लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथनं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना मी वेगळं काय सांगू?

हा सगळा जुना इतिहास झाला असं कुणाला वाटत असेल, तर 3 ऑक्टोबर 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तो दिला गेला. देशातल्या अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत कैद्यांना जातीवरून काम वाटण्याचे नियम तोवर शाबूत होते : अमुक जातीने स्वयंपाक करायचा, तमुक जातीने संडास साफ करायचे. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदीही होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या, आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. अस्पृश्यता आणि वेठबिगार यांना बंदी करणारं राज्यघटनेचं सतरावं आणि तेविसावं कलम लागू होऊन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती.

उपनगरातल्या वाचकाचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध मात्र वेगळ्याच ठिकाणी येतो : जातीच्या दाखल्याच्या फाइलशी. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967. या तारखांपूर्वीचा पुरावा शोधत किती घरं आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी गावी हेलपाटे घालतात! जमातीच्या दाव्यात दक्षता पथक घरी येऊन कुलदैवत, लग्नातले विधी, बोलीतले शब्द विचारतं. त्याला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. तिला 1994 च्या एका निकालाने वजन दिलं. मार्च 2023 मध्ये ठाकूर जमातीच्या एका संस्थेच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. साहजिक आहे. तीन पिढ्या चाळीत आणि इमारतीत गेलेल्या मुलीला आजीच्या पाड्यावरचा विधी सांगता आला नाही, तर तिचा जन्म बदलतो का? आणि जन्माला जिल्ह्याची हद्दही असते. उत्तर कन्नडमधल्या, कोकणी आणि मराठी बोलणाऱ्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शेजारच्या बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना त्यासाठी 2020 पर्यंत थांबावं लागलं.

पण इथे एक फरक सोडता कामा नये. अलीकडे काही जण उत्साहाने म्हणतात, की जात कायद्यानेच बनवली आहे, तर दाखलेही बंद करा, म्हणजे जात जाईल. हे मला मान्य नाही. 1662 चं कलम आणि 1874 चं वतन जन्म लिहून श्रम हिसकावत होतं. आजचा दाखला तो लिहिलेला जन्म वाचून हिसकावलेल्यातलं थोडं परत करतो. लिहिणारा तो पुसायला तयार नसताना, ज्याच्यावर लिहिलं गेलं त्याने वाचणं थांबवावं, अशी मागणी करायचा अधिकार कुणाला आहे? दाखल्याची पद्धत सुधारावी, फेऱ्या कमी व्हाव्यात, चाचण्या शहाण्या व्हाव्यात, हे वेगळं.

लेखांचा क्रम संपादकांनी काळानुसार लावला आहे. मी वाचकाला सुचवेन, की व्हर्जिनियावरचा पहिला लेख वाचून झाला की मधले लेख तात्पुरते बाजूला ठेवून पेशवाईतल्या कुणबिणींवरचा लेख वाचावा, दोन्हींतल्या मुलांच्या भवितव्याची तुलना स्वतः करावी, आणि मग बाकीच्याकडे वळावं. ज्यांना मोडी वाचता येते त्यांना आणखी एक सांगणं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या कोठ्यांच्या आणि किल्ल्यांच्या हिशेबांत कुणबिणींच्या याद्या आहेत. आजवरच्या अभ्यासकांनी त्यांतून किमती, कामं आणि शिक्षा टिपल्या. त्यांची नावं, त्यांची गावं आणि त्यांच्याबरोबर नोंदलेली मुलं एकत्र लावण्याचं काम बरंच व्हायचं आहे.